मागं राहिलेल्यांचं पुस्तक

शेतकऱ्याला वाचायला वेळ कुठनं मिळतो, असं शहरातले पाहुणे मला विचारतात. मी सांगतो, उसाला रात्रीचं पाणी पाजायला या, म्हणजे कळंल. आमच्याकडं शेतीची लाइट काही दिवस रात्रीचीच असते. मोटार चालू केली, दारं धरलं, की पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत बांधावर बसण्याशिवाय काम नसतं. पोरानं पुण्याहून डोक्याला बांधायची बॅटरी आणून दिलीय, सापकिरडू दिसावं म्हणून. मी ती पुस्तकासाठी वापरतो. एका सरीला दोन-तीन पानं होतात. पाणी टोकाला गेलं की उठायचं, दारं मोडून दुसऱ्या सरीत पाणी घ्यायचं, परत बसायचं. यंदाच्या उन्हाळ्यात अशी तीन पुस्तकं झाली. आनंद यादवांचं 'झोंबी' आणि 'गोतावळा', आणि कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. तिन्ही आमच्या जिल्ह्यातल्या माणसांनी लिहिलेली. पहिली दोन आधी वाचलेली होती. पण पंचविशीत वाचलेलं पुस्तक साठी ओलांडल्यावर वाचलं, तर ते तेच पुस्तक राहत नाही, एवढं मात्र यंदा कळलं.

माझं गाव कागल तालुक्यातलं, दूधगंगेच्या काठावरचं. 'झोंबी' कागलचंच. त्यामुळं त्यातली माती, शिव्या, भाकरी, सगळं आमच्या घरातलं. १९८७ साली ते पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी माझ्या हाताला लागलं. पुढं १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा गावात ते वाचलेले आम्ही दोघं-तिघंच होतो.

ज्यांनी वाचलं नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गरीब कुळवाड्याचं घर, दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारं. पोरवडा मोठा. थोरल्या पोराला शाळा पाहिजे आणि बापाला तो पोरगा मळ्यात पाहिजे. मोटंवर, जनावरांमागं, पाण्यावर. त्या दोघांची ही झोंबी. बाप मारतो, शाळा सोडवतो, पोरगा परत शाळंत जातो. शेवटी पोरगा शिकतो. लिहिणारा स्वतः पुढं पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला, म्हणजे झोंबी कुणी जिंकली हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासूनच माहीत असतं.

मी ती हरलो होतो. अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावीची नवी पद्धत आली, त्यानंतर दोन वर्षांनी, १९७७ ला मी दहावी पास झालो. मार्क बरे होते. मास्तर घरी येऊन सांगून गेले, पोराला कोल्हापूरला घाला. वडील म्हणाले, "बघू." चार दिवसांनी त्यांनी माझ्या हातात खुरपं दिलं. बोलणं काहीच झालं नाही. तिथनं मी आजतागायत शेतात आहे.

'झोंबी' वाचलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं, एक पोरगी झालेली. ते वाचून माझं डोकं फिरलं. मला वाटलं, मार खाऊन का होईना, हा पोरगा सुटला आणि मी न मार खाताच अडकलो. एका संध्याकाळी मी सोप्यात वाचत बसलो होतो. वडील धारंला निघाले होते. हातात चरवी. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "काय लिवलंय त्यात एवढं?"

मी म्हणालो, "तुमच्यासारख्या बापाचं लिवलंय."

ते काही बोलले नाहीत. चरवी घेऊन गोठ्यात गेले. वडील त्यानंतर पंधरा वर्षं जगले. त्या पुस्तकाचा विषय आमच्यात परत निघाला नाही.

आता यंदाचं सांगतो. माझी आई पंच्याऐंशीच्या पुढं आहे. डोळ्यांना दिसत नाही, कान मात्र शाबूत. दुपारच्या वेळी मी तिला 'झोंबी' वाचून दाखवायला घेतलं. तिला फार आवडलं. त्या घरातल्या आईचं आलं की ती मध्येच म्हणायची, "बाय माझी, किती पोरं गं तुला." बापानं पोराला मारलं की गप्प बसायची. असं करत निम्मं पुस्तक झालं आणि एक दिवस तिनं मला थांबवलं.

"त्येचा बा रातीला झोपायचा का, त्ये लिवलंय का त्यात?"

मी म्हणालो, "असं कसं लिवतील आई? पोराला काय म्हाईत?"

"तुलाबी म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "तुझं मार्क कळलं त्या रातीला तुझा बा गोठ्यात जाऊन बसला. कोंबडं आरडलं तरी घरात आला न्हाई. म्या दोनदा बोलवाय गेले. सोसायटीचं देणं, थोरलीचं लगीन, आनि दोन बैलांतला एक त्याच साली मेलेला. कुनाला सांगायचं?"

पन्नास वर्षं होत आली या गोष्टीला. मी पुस्तक मिटून ठेवलं. चार दिवस हात लावला नाही.

आता मी टीका करतोय म्हटल्यावर मला नीट बोललं पाहिजे. यादवांनी खोटं लिहिलं, असं मी म्हणत नाही. उलट पोराच्या डोळ्यांना जेवढं दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं, म्हणून पुस्तक खरं उतरलंय. पोराला बापाचा हात दिसतो, काठी दिसते. बापाची रात्र दिसत नाही. दोष असलाच तर आम्हा वाचणाऱ्यांचा आहे. आम्ही 'झोंबी' वाचलं आणि ठरवून टाकलं, की शिकून गाव सोडणारा तो नायक आणि अडवणारा तो खलनायक. मग जो गेला नाही, अडकून राहिला, शेती सांभाळली, म्हातारी माणसं सांभाळली, तो कोण? त्याला या गोष्टीत जागा नाही. आणि मराठी ग्रामीण पुस्तकांतली पुष्कळ पुस्तकं अशा गेलेल्या माणसांनीच लिहिलीत. जाणार नाहीत तर लिहितील कशी, हेही खरं. पण त्यामुळं गाव कायम मागं वळून बघितलेलं दिसतं. त्यात राहून बघितलेलं कमी.

'गोतावळा' त्या मानानं मागं राहिलेल्याचं पुस्तक आहे. १९७१ चं. नारबा नावाचा गडी, त्याला ना घर ना बायको, मालकाच्या मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जातं. पुस्तक सगळंच्या सगळं नारबाच्या बोलीत आहे. शहरातल्या वाचकाला पहिली दहा पानं जड जातील. त्यानं ती मोठ्यानं वाचावीत, मग पुस्तक आपोआप चालायला लागतं. आमच्या बोलीत एवढं बारीक दुःख सांगता येतं, हे मला त्या पुस्तकानं पहिल्यांदा दाखवलं. त्याआधी आम्ही समजत होतो, की आपली बोली म्हणजे पिच्चरमध्ये हसवायला वापरायची गोष्ट.

पण यंदा वाचताना मी नारबाच्या बाजूला बसू शकलो नाही. कारण मधल्या काळात मी पण बैल विकले. शेवटची जोडी विकली तेव्हा दावणीचं दावं मी सोडलं आणि पैसेही मीच मोजून घेतले. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, वैरण महाग, पोरं घरात नाहीत, दोन बैल वर्षभर पोसायचे ते चार दिवसांच्या कामासाठी. हिशेब बरोबर होता. म्हशी ठेवल्या, कारण दूध डेअरीला जातं आणि दहा दिवसांनी पैसे येतात. नारबाला मालक दगड वाटतो, कारण नारबा आतनं तुटलाय. पण लहान शेतकऱ्याच्या घरात मालक आणि नारबा एकाच माणसाच्या अंगात असतात. विकतोही तोच आणि रडतोही तोच. हा माणूस 'गोतावळा'त नाही. त्या पुस्तकात तो मावलाही नसता. त्याचं वेगळं पुस्तक पाहिजे.

तिसरं 'रिंगाण'. कृष्णात खोत पन्हाळा तालुक्यातले. या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा जिल्ह्यात कौतुक झालं. धरणात गाव गेलं, माणसं उठली, दुसरीकडं बसवली. म्हशी मागं राहिल्या. त्या आणायला देवाप्पा परत जातो, तर म्हशी रानटी झालेल्या. एवढीच गोष्ट. पण म्हैस पाळलेल्या माणसानं ती वाचावी. म्हैस धन्याला ओळखत नाही, त्याच्यावरच शिंग रोखून येते, याहून मोठी शिक्षा आमच्यात नाही. पुस्तक सोपं नाही. रान, माणूस आणि जनावर यांच्यापलीकडं त्यात फारसं काही घडत नाही, आणि मला काही ठिकाणी दम लागला. तरीपण त्यात जनावराला गोड करून दाखवलेलं नाही, हे मला फार मोठं वाटलं.

२०१९ च्या पुरात आम्ही रात्री म्हशींची दावी सोडली होती. पाणी गोठ्यात गुडघ्याच्या वर आलं होतं. म्हटलं, जगल्या तर जगल्या. दोन आपणहून माळावर गेल्या, एक सापडलीच नाही. त्याच पुरात माझ्या पुस्तकांची ट्रंक भिजली. जुनं 'झोंबी' फुगून उशीएवढं झालं. यंदा वाचलं ते वाचनालयातलं.

पण 'रिंगाण' वाचताना खरा चटका दुसराच बसला. माझ्या उसात जे पाणी येतं, ते दूधगंगेचं. वर काळम्मावाडीला धरण आहे म्हणून उन्हाळ्यात नदीला पाणी. त्या धरणासाठी माणसं उठली. अशा उठलेल्या माणसांच्या वसाहती आमच्या भागात आहेत. त्यांची पोरं आमच्या पोरांबरोबर शाळंत होती. आम्ही त्यांना नुसतं 'वसाहतीतले' म्हणायचो. त्यांचं पहिलं गाव कोणतं, हे विचारल्याचं मला आठवत नाही. एकाच्या गावावरनं आलेलं पाणी पाजत, डोक्याला बॅटरी बांधून, त्याच्यासारख्याच माणसाचं पुस्तक मी वाचत होतो. पाणी सरीबाहेर गेलं तरी मला कळलं नाही.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती'ही धरणग्रस्तांचीच. ती मी मागंच वाचली होती. तेव्हा ती मला सरकार आणि पुढाऱ्यांवरची वाटली आणि मी आनंदानं मान डोलवली. 'रिंगाण'नं मात्र माझ्याकडं बोट दाखवलं. चांगल्या पुस्तकाची माझी एवढीच परीक्षा आहे. दुसऱ्याला शिव्या दिल्या की वाचणाऱ्याला बरं वाटतं. स्वतःला गप्प बसावं लागलं, की पुस्तक मोठं.

आता पुढं काय वाचायचं, त्याची यादी खिशातल्या डायरीत लिहिलीय. पहिलं, सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. विदर्भातल्या कोरडवाहू भागातलं. शिकलेला पोरगा, नोकरी नाही, शेतीत राहिलेला. म्हणजे मी शोधतोय तो माणूस तिथं असायची शक्यता आहे. आम्हा पाटपाण्याच्या लोकांना कोरडवाहूचं दुःख कळत नाही, म्हणूनही वाचायचं. दुसरं, उद्धव शेळक्यांचं १९६० चं 'धग'. त्यात संसार ओढणारी कौतिक आहे. आईला वाचून दाखवायला तेच बरं. आणि तिसरी, निपाणीच्या महादेव मोऱ्यांच्या कथा मिळतील तेवढ्या. हा माणूस पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिला. कामावरनं उठून लिहिणं आणि काम करत लिहिणं यात फरक असतो, तो मला बघायचाय.

पुस्तकं मिळायची अडचण मात्र आहे. आमच्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच सार्वजनिक वाचनालयांचा कायदा केला होता, मद्रासच्याही आधी. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० चं. हे अभिमानानं सांगायला बरं वाटतं. पण खेड्यात आज पुस्तक पाहिजे तर कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात चिठ्ठी द्यावी लागते. मी देतो. कधी दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पुस्तक येतं.

यादीत चौथी ओळ मी मोकळी ठेवलीय. ते पुस्तक कुणी लिहिलंय का, मला ठाऊक नाही. पोराला कोल्हापूरला घालायचं की नाही, याचा विचार करत रात्रभर गोठ्यात बसलेल्या माणसाचं ते पुस्तक. त्याला लिहिता येत नव्हतं. मला येतं, पण त्या रात्रीचं मला काहीच माहीत नाही. आईला जेवढं आठवतंय तेवढं ती सांगते, मी डायरीत उतरवून घेतोय. काल ती म्हणाली, "गोठ्यात कंदील न्हवता. त्येल वाचवाय इझवला हुता." ते लिहून ठेवलं.

'झोंबी'ची शंभरेक पानं राहिलीत. उद्या दुपारी परत वाचायला घेणार आहे. आईनं सांगितलंय, बापाचं आलं की हळू वाच.