निरपेक्ष शोक आणि पुनरागमनाची किंमत : अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधील काळप्रवास व पुनरुज्जीवनविषयक वादांची चिकित्सा

प्रस्तावना

१९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि सुपरहिरो कॉमिक्स हा साहित्यप्रकार अमेरिकेत रूढ होऊ लागला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेल्या या नायकाची मालकी मात्र प्रकाशनसंस्थेकडे गेली. पुढे लेखक बदलले, चित्रकार बदलले, वाचकांच्या पिढ्या बदलल्या. नायक तोच राहिला. ज्या कथेचा शेवट करण्याचा अधिकार कोणत्याही एका लेखकाला नाही, त्या कथेत मृत्यूला कोणता अर्थ उरतो, हा प्रश्न या रचनेतूनच उद्भवतो. नायक मरतात आणि परततात. भूतकाळात जाऊन घडलेले अनघड करू पाहतात. त्यावर चाहत्यांमध्ये अनेक दशके वाद होत आले आहेत. बाहेरच्या वाचकाला हे वाद पोरकट वाटतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, त्यांचा खरा विषय यंत्र-तंत्राची शक्याशक्यता हा नसून कथेत खर्ची पडलेल्या शोकाचा हिशेब हा आहे. या प्रतिपादनासाठी भारतीय काव्यशास्त्रातील करुण आणि विप्रलंभ यांमधील भेदाचा आधार घेतला आहे.

वादाची परंपरा

उंबेर्तो इको यांनी १९६२ मधील आपल्या निबंधात सुपरमॅनच्या कथांतील एक अंतर्विरोध दाखवून दिला. पुराणकथेतील नायक काळाने झिजत नाही, कादंबरीतील नायक मात्र प्रत्येक कृतीबरोबर मृत्यूच्या जवळ जातो. सुपरमॅनला एकाच वेळी दोन्ही व्हावे लागते. म्हणून त्याच्या कथांमधील काळ स्वप्नासारखा धूसर ठेवला जातो आणि आधीच्या कथेत काय घडले याची आठवण नव्या कथेत फारशी राहत नाही.

इको यांचे हे निरीक्षण त्या काळातील कथांना लागू पडते. परंतु नेमके त्याच सुमारास ही आठवण ठेवणारा एक वर्ग संघटित होत होता. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापत असत. त्यामुळे विखुरलेले वाचक परस्परांशी जोडले गेले. १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांच्या सहकार्याने ‘आल्टर इगो’ हे हौशी नियतकालिक सुरू केले. मार्व्हलमध्ये स्टॅन ली यांनी ‘नो-प्राइझ’ नावाचे, प्रत्यक्षात काहीच न देणारे पारितोषिक रूढ केले. कालांतराने केवळ चूक दाखवणाऱ्यापेक्षा, ती चूक वस्तुतः चूक कशी नाही हे पटवून देणारा वाचक त्याचा मानकरी ठरू लागला.

ही भूमिका आपल्याकडील भाष्यकाराच्या भूमिकेशी जुळणारी आहे. परस्परविरोधी वचनांची एकवाक्यता साधणे हे मीमांसेचे काम. चाहतेही तेच करतात. फरक इतकाच की येथे ग्रंथ अद्याप लिहिला जात आहे आणि भाष्यकार उद्या ग्रंथकार होऊ शकतो. मार्क ग्रुएनवाल्ड हे त्याचे ठळक उदाहरण. कॉमिक्समधील वास्तवाच्या स्वरूपावर हौसेने विवेचन करणारा हा चाहता १९७८ मध्ये मार्व्हलच्या संपादकवर्गात दाखल झाला आणि तेथील विश्वाच्या नियमांचा एक प्रमुख जाणकार ठरला.

काळप्रवासाचे नियम व त्यांमागील नीती

१९६० मधील एका कथेत सुपरबॉय अब्राहम लिंकन यांची हत्या टाळण्यासाठी भूतकाळात जातो. पण तेथे आलेला प्रौढ लूथर त्याला निष्प्रभ करतो आणि इतिहास होता तसाच राहतो. १९७९ मध्ये ‘मार्व्हल टू-इन-वन’च्या ५० व्या अंकात बेन ग्रिम भूतकाळात जाऊन आपल्याच तरुण रूपाला विद्रूपतेवरचा उपाय देतो. तो परततो तेव्हा स्वतः मात्र तसाच विद्रूप असतो. त्याच्या कृतीने त्याचा भूतकाळ बदलत नाही. एक वेगळी काळधारा निर्माण होते आणि त्या धारेतील बेन सुखी होतो.

हे दोन नियम तार्किकदृष्ट्या भिन्न आहेत. पहिल्यात भूतकाळ अचल आहे, दुसऱ्यात तो फाटे फोडणारा आहे. परंतु दोहोंचा नैतिक परिणाम एकच होतो : जे भोगले ते भोगलेच राहते. काळप्रवास भूतकाळाचे दर्शन घडवतो, माफी देत नाही. कोणता नियम ‘खरा’ यावर चाहते हिरिरीने वाद घालतात तेव्हा भौतिकशास्त्र निमित्तमात्र असते. भोगलेले दुःख कथेने नंतर पुसून टाकू नये, ही त्यामागील मागणी आहे.

करुण की विप्रलंभ?

नाट्यशास्त्रात करुण हा निरपेक्ष, तर विप्रलंभ हा सापेक्ष मानला आहे. पुनर्भेटीची आशा जेथे संपली तेथे करुण. ती जेथे शिल्लक आहे तेथे विप्रलंभ. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यांच्या सीमेवरील ‘करुणविप्रलंभ’ हा प्रकार मानला : दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला आहे, पण त्याच देहाने पुनर्भेट होणार आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील पुंडरीक आणि महाश्वेता हे त्याचे उदाहरण. तेथे दिव्य पुरुष आश्वासन देतो, म्हणून महाश्वेतेला आणि वाचकाला प्रतीक्षा करावयाची आहे हे कळते.

सुपरहिरो कॉमिक्सच्या वाचकाला असे आश्वासन कोणी देत नाही आणि नाकारतही नाही. समोर घडलेला मृत्यू निरपेक्ष आहे की सापेक्ष, हे त्याला त्या क्षणी ठरवता येत नाही. रडावे की वाट पाहावी, हा त्याचा पेच आहे आणि चाहत्यांचा वाद हे या पेचाचे सार्वजनिक रूप आहे.

१९७३ मधील ग्वेन स्टेसीचा मृत्यू या दृष्टीने पाहता येतो. पुलावरून कोसळणाऱ्या ग्वेनला स्पायडरमॅन आपल्या जाळ्याने पकडतो, पण ती मृत निघते. तिच्या मानेजवळ छापलेल्या एका लहानशा ध्वनिशब्दावरून वाद सुरू झाला : ती पडल्यामुळे मेली की जाळ्याच्या हिसक्यामुळे? पत्रव्यवहाराच्या पानावर हिसका हेच कारण असल्याचे मान्य करण्यात आले. मिनेसोटा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनीही २००५ च्या आपल्या पुस्तकात संवेगबदलाच्या आधारे या प्रसंगाचे विवेचन केले. वरवर हा यामिकीचा प्रश्न आहे. त्याच्या तळाशी असलेला प्रश्न असा : वाचवणाऱ्याच्याच हाताने मृत्यू घडला असेल तर त्या अपराधाचे काय? १९७५ मध्ये ग्वेनची प्रतिकृती कथेत आणली गेली, तरी मूळ मृत्यू रद्द झाला नाही आणि करुण निरपेक्ष राहिला.

याउलट जीन ग्रेचे प्रकरण आहे. १९८० मध्ये ‘एक्स-मेन’च्या १३७ व्या अंकात, फिनिक्सच्या शक्तीने एका संपूर्ण ग्रहाचा संहार केलेली जीन स्वतःचा अंत घडवून आणते. तिला शिक्षेविना सोडता येणार नाही, ही मुख्य संपादक जिम शूटर यांची भूमिका होती. त्यातूनच हा शेवट घडला. १९८६ मध्ये ती परतली. मेली ती जीन नव्हतीच, तिचे रूप घेतलेली फिनिक्स शक्ती होती आणि खरी जीन न्यूयॉर्कच्या जमैका बेच्या तळाशी एका कोशात सुरक्षित होती, असा खुलासा देण्यात आला. ही युक्ती मुळात कर्ट ब्युसिक या तेव्हाच्या चाहत्याची. ती रॉजर स्टर्न यांच्यामार्फत जॉन बर्न यांच्यापर्यंत पोहोचली. एकवाक्यतेचा हा नमुना निर्दोष आहे. परंतु त्याने जीनचा अपराध गेला आणि त्याबरोबर तिचे आत्मार्पणही गेले. सहा वर्षे वाचकांनी जिच्यासाठी शोक केला ती कोणी वेगळीच होती, असे त्यांना सांगण्यात आले. या पुनरागमनावरील आक्षेपाचे मर्म येथे आहे.

पुनरागमनाची किंमत

चाहत्यांमध्ये एक उक्ती प्रचलित होती : कॉमिक्समध्ये बकी, जेसन टॉड आणि अंकल बेन यांच्याखेरीज कोणीही कायमचे मरत नाही. २००५ मध्ये यांपैकी पहिले दोघे परतले.

जेसन टॉडच्या मृत्यूत वाचकांचा प्रत्यक्ष हात होता. १९८८ मध्ये डीसीने दूरध्वनीवर मतदान घेतले. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. ७२ मतांनी एका मुलाचे मरण ठरले. त्याच्या पुनरागमनाचे जे कारण नंतर देण्यात आले, की दुसऱ्या एका पात्राने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारल्याने ते घडले, त्याची चाहत्यांनी भरपूर टिंगल केली. तरीही परतलेला जेसन स्वीकारला गेला, कारण तो आपला मृत्यू बरोबर घेऊन आला. मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा, हा त्याचा बॅटमॅनला केलेला प्रश्न त्या मृत्यूला अधिक खोल करतो. २०१० च्या ॲनिमेशनपटात ठोशांचे कारण वगळून दुसरे घातले गेले, प्रश्न मात्र कायम राहिला. एड ब्रुबेकर यांनी परत आणलेल्या बकीबाबतही हेच म्हणता येते. तो ‘विंटर सोल्जर’ म्हणून केलेल्या हत्यांची स्मृती वागवत परततो.

आता २००७ मधील ‘वन मोअर डे’ पाहावे. आंट मेचे प्राण वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन आपला विवाह मेफिस्टोला देऊन टाकतात. या कथाविश्वात सैतानी शक्तीशी होणारा करार मुळीच अशक्य नाही. कारणाच्या दृष्टीने ही कथा वास्तवाच्या भिंतीवरील ठोशांपेक्षा सुसंगत आहे. तरीही तिच्यावरील रोष तीव्र ठरला आणि स्वतः लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनी तिच्या शेवटाबाबत जाहीर मतभेद व्यक्त केला. १९८७ पासूनचे वीस वर्षांचे सहजीवन कोणाच्या स्मरणात उरले नाही. किंमत मोजली गेली, पण ती मोजल्याची जाणीव पात्रांना राहिली नाही.

या तुलनेतून चाहत्यांचा अलिखित निकष स्पष्ट होतो. मृत्यू ओलांडला जाणे त्यांना चालते. तो नाकारला जाणे चालत नाही. २०१९ च्या ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ या चित्रपटाची रचनाही या निकषाला धरून आहे. नाहीसे झालेले परततात, पण मधली पाच वर्षे पुसली जात नाहीत आणि टोनी स्टार्कचा मृत्यू तसाच राहतो.

एक आक्षेप

हा सारा केवळ व्यापार आहे, असा आक्षेप घेता येईल. १९९२ मध्ये सुपरमॅनचा मृत्यू मोठ्या गाजावाजाने विकला गेला आणि १९९३ मध्ये तो परतलाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याने वादाचे मूल्य कमी होत नाही. पुनरागमन अटळ आहे हे जाणूनही वाचक त्याच्या रीतीबद्दल आग्रही राहतो, हीच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. २०१९ मध्ये जोनाथन हिकमन यांनी तर क्राकोआ बेटावर पुनरुज्जीवनाची व्यवस्थाच उभी केली : नवा देह आणि त्यात साठवलेल्या मनाची प्रत. परतलेली व्यक्ती तीच का, हा लॉकपासून चालत आलेला स्मृती व व्यक्तिसातत्याचा प्रश्न चाहत्यांच्या चर्चेत आला. मृत्यू स्वस्त झाल्याने तरुण तो खेळासारखा घेऊ लागले, ही चिंता २०२१ च्या ‘वे ऑफ एक्स’मध्ये नाइटक्रॉलर या पात्रालाच भेडसावते. चाहत्यांचा आक्षेप येथे कथेचा विषय झाला.

निष्कर्ष

१. काळप्रवासाच्या नियमांवरील वादांमागे भोगलेले दुःख पुसले जाऊ नये, ही नैतिक अपेक्षा आहे.

२. अखंड चालणाऱ्या कथेत प्रत्येक करुण हा संभाव्य विप्रलंभ असतो. रससिद्धान्तातील सापेक्ष-निरपेक्ष हा भेद अशा कथांच्या अभ्यासात आजही उपयुक्त ठरतो.

३. पुनरागमन स्वीकारार्ह ठरण्यासाठी कारणाच्या सुसंगतीपेक्षा मृत्यूची स्मृती टिकणे अधिक निर्णायक असते.

जिम स्टार्लिन यांनी १९८२ मध्ये कॅप्टन मार्व्हलला कर्करोगाने मरताना दाखवले. अवतीभवती जमलेल्या सर्वशक्तिमान मित्रांना त्याच्यासाठी काही करता आले नाही. अल्पकाळाची काही दर्शने सोडली तर तो परतला नाही. त्याला परत आणण्याच्या युक्त्या या विश्वात कमी नव्हत्या. ज्या मरणाशी वाचकाचा घरात परिचय असतो, ते रद्द करण्याचे धाडस या साहित्यप्रकारानेही सहसा केलेले नाही.