कॅसेट आली, तेव्हा गाण्याचं काय झालं?

उदगीरसारख्या गावात नवं तंत्र कसं आलं, हे आपण एकाच सुरात सांगतो. भाड्यानं आणलेला व्हीसीआर, वर्गणी काढून रात्रभर बघितलेले तीन पिक्चर, पेन्सिलीनं गुंडाळलेली कॅसेटची फीत. खरं आहे सगळं. पण आठवणींची यादी म्हणजे समीक्षा नव्हे.

आम्ही विचारतो, या तंत्रानं गाण्याचं काय केलं? ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटं चालते. शिवाय तबकडी नुसती ऐकायची. टेपरेकॉर्डरवर गाणं भरताही येतं. म्हणजे बघा, वामनदादा कर्डकांसारखा शाहीर रात्री वस्तीत गायला, तर कंपनीची वाट न पाहता ते गाणं जागच्या जागी टिपून ठेवणं शक्य झालं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून, दोन्हीकडून घराघरांत गेला.

आणि गमावलं काय? समोरची माणसं बघून गाणारा ओळ लांबवतो, मध्येच बोलतो, पुन्हा ध्रुपद धरतो. स्टुडिओत समोर माणसंच नसतात. म्हणून वस्तीत भरलेली खरखरीची कॅसेट आम्हाला बाजारातल्या स्वच्छ कॅसेटपेक्षा मोलाची वाटते.

२०२२ साली ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं. पुस्तकांना मांडव मिळाला. पेटीत पडलेल्या फितींना मात्र बुरशी लागते. समीक्षक म्हणवणाऱ्यांनी, आमच्यासकट, त्या आधी उतरवून घ्याव्यात. मत नंतर द्यावं.