धरणे आणि सोडणे : खानदेशी नदीचे व्याकरण

मराठीतील धरणविषयक साहित्याचा विचार आजवर प्रामुख्याने विस्थापन या एका संकल्पनेच्या आधारे झाला आहे. १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहापासून सरदार सरोवराच्या बुडिताखाली गेलेल्या मणिबेलीपर्यंतचा इतिहास पाहता हे स्वाभाविकच होते. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या बाजूने साहित्याने उभे राहावे ही अपेक्षा योग्य होती आणि काही लेखकांनी ती समर्थपणे पूर्णही केली. मात्र या आग्रहामुळे एक प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर राहून गेला. धरणाच्या कथेत नदीचे स्थान कोणते? ती घटनेची पार्श्वभूमी असते, की घटनेत तिचाही काही वाटा असतो? धरण बांधल्याची कथा मराठीला सांगता येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यापासून धरण फुटल्याची कथाही तिला ठाऊक आहे. परंतु जुने धरण विचारपूर्वक उतरवून नदीला तिच्या पात्रात पुन्हा वाहू देण्याची कथा सांगायची झाली, तर त्यासाठी लागणारे कथनरूप मराठीजवळ तयार नाही. या अभावाचे मूळ पाण्याविषयी बोलण्याच्या रूढ झालेल्या व्याकरणात आहे आणि खानदेशच्या उदाहरणावरून ते स्पष्ट करता येते.

जळगाव शहराच्या पश्चिमेला असलेले पिंप्राळा हे एकेकाळचे स्वतंत्र गाव आता शहराचाच भाग झाले आहे. आषाढी एकादशीचा रथ ही त्याच्या गावपणाची अजून टिकून असलेली खूण. पिंप्राळ्याच्या पलीकडे काही अंतरावर गिरणा वाहते. शहराला मात्र आज मुख्यतः वाघूर धरणाचे पाणी मिळते. जिच्या दरीत अजिंठ्याची लेणी कोरली गेली ती ही वाघूर. म्हणजे जी नदी जवळ आहे ती नळात नाही आणि जी नळात आहे ती डोळ्यांसमोर नाही. नदी आणि पाणी यांची ही फारकत आधुनिक जलव्यवस्थेने सर्वत्र घडवून आणली आहे. साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ती फारकत भाषेतही उतरली आहे.

जुन्या बोलण्यात नदी कर्त्याच्या स्थानी असे. 'नदी आली', 'नदी उतरली', 'नदीने पात्र बदलले' या वाक्यांत क्रिया नदीची आहे. नांदगाव तालुक्यात गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले आणि खालच्या खोऱ्यात निराळी वाक्यरचना रूढ झाली. 'गिरणेत पाणी सोडले', 'आवर्तन मिळाले', 'आवर्तन लांबले'. येथे कर्ता बहुधा अनुक्त असतो आणि तो कोण हे सर्वांना माहीत असते. नदी सप्तमीत जाऊन बसते. ती पाणी ठेवण्याची जागा होते. 'आवर्तन' या शब्दाचा प्रवासही सूचक आहे. ऋतूंच्या फेऱ्याचा भाव बाळगणारा हा शब्द आता कचेरीत ठरणाऱ्या वेळापत्रकाचे नाव झाला आहे. धरण या शब्दाच्या मुळाशी धारण करण्याचा अर्थ आहे, आणि सत्तेच्या दारात ठाण मांडून बसण्यालाही मराठीत धरणेच म्हणतात. सत्ता पाणी धरते आणि प्रजा धरणे धरते. दोघांच्या संघर्षात क्रियापद मात्र एकच राहते. 'सोडणे' ही तेवढी सत्तेची मुभा असते.

या पार्श्वभूमीवर खानदेशातील दोन कवींकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. धरणगावात जन्मलेल्या बालकवींच्या 'निर्झरास' या कवितेचे शीर्षकच चतुर्थीत आहे. परंतु ही चतुर्थी संबोधनाची आहे. ज्याच्याशी बोलता येते, ज्याच्याकडे काही मागता येते, असा तो प्रवाह आहे. 'औदुंबर'मध्ये तर मानवी निवेदक जवळजवळ नाहीसा होतो आणि वाहणे व बसून राहणे या दोन क्रियाच कविता घडवतात. बालकवींच्या निसर्गकवितेला बालभावाची कविता ठरवून मोकळी होणारी समीक्षा हे व्याकरणिक धैर्य लक्षात घेत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेत पाण्याचे रूप वेगळे आहे. ते विहिरीतून मोटेने वर येते. बैलाच्या चालीशी, नाड्याच्या ताणाशी आणि माणसाच्या घामाशी ते बांधलेले आहे. त्यांची कविता पुस्तकरूपाने १९५२ साली आली, म्हणजे गिरणा धरणाच्या सतरा वर्षे आधी. पाणी कोणीतरी दुरून सोडते ही कल्पनाच तिच्या विश्वात संभवत नाही. एका कवीत प्रवाह स्वयंभू आहे, दुसरीत पाणी श्रमसाध्य आहे. दोघांतही त्याला मालक नाही.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही मराठीतील धरणाची सर्वांत महत्त्वाची कादंबरी. १९९२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने तिची दखल घेतली गेली. धरणग्रस्तांची फरपट, पर्यायी जमिनीसाठी झिजवावे लागणारे कचेऱ्यांचे उंबरे आणि लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांचा विरोध यांचे तिने केलेले चित्रण अजोड आहे. शीर्षकातला शब्द मुळात पोलिसी आणि सरकारी. कादंबरी तो उलटवते आणि राज्यसंस्थेचीच झाडाझडती घेते. तिचे सामर्थ्य या उलटतपासणीत आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. उलटतपासणीसाठी प्रतिपक्षाची भाषा स्वीकारावी लागते. नोटीस, मोजणी, मोबदला, निवाडा, वाटप या शब्दांच्या जगात अन्यायाची नोंद होऊ शकते. नदीला तेथे जागा नसते, कारण तिच्या नावाचा सातबारा नाही. परिणामी कथनाचा काळ 'धरणापूर्वी' आणि 'धरणानंतर' असा दुभंगतो आणि बुडीत हा त्याचा अटळ शेवट ठरतो. बाख्तीनच्या परिभाषेत सांगायचे तर या कादंबरीचा स्थलकालबंध एकाच दिशेने जातो. धरण हे तिच्यात कायमचे असते. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या बाजूने लिहितानाही धरणाचे हे चिरंतनत्व गृहीत धरले जाते, याचा विचार समीक्षेने केलेला नाही.

धरणाला चिरंतन न मानणारी एक परंपरा खुद्द खानदेशातच आहे. पांझरा, कान, बुराई या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांची फडपद्धती काही शतकांची आहे. बंधारा उंचीने बेताचा. पुराचे पाणी त्याच्यावरून वाहून जाणार आणि गाळाचा मोठा भागही त्याच्याबरोबर पुढे सरकणार, हे त्याच्या रचनेतच मान्य केलेले असते. खालचे भिजणारे क्षेत्र ठरलेले, त्याचे सहसा तीन-चार फड, एका फडात एकच पीक. खातेदाराच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे टंचाईची झळ सर्वांना वाटून जाते. येथे क्रियापदांची विभागणी वेगळी आहे. नदी येते आणि जाते. बंधारा तिला वळवतो. गाव वाटून घेते. तिन्ही कर्ते आपापल्या जागी असतात. पुढे कानवर मालनगाव, पांझरेवर लाटीपाडा अशी साठवण धरणे वरच्या अंगाला झाली, विहिरी वाढल्या, पीकपद्धती बदलली. नदीच्या वाहत्या पाण्यावर उभी असलेली ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी खिळखिळी झाली. फडाला रामराज्य समजण्याचे कारण नाही. ज्याच्या नावे त्या क्षेत्रात जमीन नाही त्याला या वाटणीत स्थान नव्हते. तरीही रोखून न धरता वळवणारी रचना कथनाचेही एक प्रारूप ठरू शकते, एवढे त्यातून निश्चित सुचते.

जगात इतरत्र धरण काढण्याच्या कथा आता घडू लागल्या आहेत. अमेरिकेतील एल्व्हा नदीवरची १९१३ व १९२७ सालची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने काढण्यात आली; क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत उतरवली गेली. एल्व्हाच्या जलाशयांत सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ साचला होता. तो मोकळा झाल्यावर नदीच्या मुखाशी किनारा पुन्हा घडू लागला. जलाशय रिता झाल्यावर तेथील क्लॅलम जमातीचे, सृष्टीच्या उत्पत्तीशी जोडलेले पवित्र स्थळ २०१२ साली जवळजवळ शतकानंतर पाण्याबाहेर आले. कथनदृष्ट्या याचे महत्त्व मोठे आहे. बुडीत हा या कथेचा शेवट राहत नाही, तो तिचा मधला भाग होतो. पुराणकथा पाण्याखाली जिवंत राहिलेली असते आणि परतलेल्या भूमीला ती ओळखते.

अशा कथेचा नायक गाळ असतो. मराठीत गाळाविषयी गांभीर्याने विचार करायला लावणारी कादंबरी म्हणून भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) कडे पाहता येईल. तिचा निवेदक खंडेराव उत्खनन करणारा पुरातत्त्वज्ञ आहे. त्याच्या मनात खानदेशातले मोरगाव आणि मोहेंजोदडो एकमेकांवर थरांसारखे रचलेले आहेत. थर उलगडत मागे जाणे ही तिची कथनपद्धती आहे. धरण काढल्यानंतर नदी आपल्या गाळातून वाट कापते तेव्हा नेमके हेच करते. 'समृद्ध अडगळ' हे नदीच्या गाळाचे जितके अचूक वर्णन आहे, तितके कोणत्याही अभियांत्रिकी अहवालात सापडणार नाही. याउलट, राज्य शासनाच्या २०१७ सालच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेचे नाव वाचावे. अनुप्रासयुक्त, उपयुक्त आणि शेतकऱ्याच्या हिताचे असे हे घोषवाक्य आहे. पण पूर्वी हा गाळ शिवारापर्यंत कोण नेत असे, हे त्यात आलेले नाही. धरण आणि शिवार या दोन नामांच्या मधली नदी त्यातून गळून पडली आहे. तिचे काम आता यंत्राने आणि ट्रॅक्टरने करायचे आहे. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण १९८२ सालचे. पूर्णा आणि तापी यांचा गाळ त्याच्या जलाशयात साचतो आहे. त्याच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, ही पावसाळ्यातली नित्याची बातमी असते. नदीविषयीची आपली वार्षिक कविता या आकड्यापुरती उरली आहे.

या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळण्यासारखा नाही. गिरणेच्या कालव्यावर ज्यांची दुसरी-तिसरी पिढी शेती करते आहे, त्यांच्या दृष्टीने धरण काढण्याची भाषा ही नव्या विस्थापनाची भाषा होय. वर जंगलात आणि खाली शहरात राहणाऱ्या नदीप्रेमींनी मधल्या शेतकऱ्याचे पाणी तोडावे, असा तिचा अर्थ होऊ शकतो. नदीला पुन्हा माता, देवी म्हणून कर्तृपद देण्याने हा प्रश्न सुटत नाही. मातृत्वाचे रूपक त्यागाची अपेक्षा बाळगते आणि तो त्याग नेहमी दुर्बळांच्याच वाट्याला येतो. म्हणून 'झाडाझडती'ने विचारलेले प्रश्न नदीच्या पुनरुज्जीवनालाही विचारावे लागतील. कोणाची जमीन भिजणार, कोणाची कोरडी पडणार, निर्णय कोण घेणार? धरणग्रस्तांच्या साहित्याने कमावलेली ही नैतिक दृष्टी गमावून नदीचे साहित्य लिहिले गेले, तर ते सौंदर्यवादी पलायन ठरेल. आणि नदीला सप्तमीतच ठेवून धरणग्रस्तांचे साहित्य लिहिले जात राहिले, तर त्याची कैफियत ज्या भाषेने अन्याय केला तिच्यातच अडकून पडेल.

महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत. प्रत्येक धरणाला वय असते आणि त्या वयाचा निर्णय उद्या नाही तर परवा घ्यावा लागणार आहे. तो निर्णय अभियंते, प्रशासक आणि लाभधारक घेतील. साहित्यिकाला तेथे कोणी विचारणार नाही. तथापि निर्णय ज्या वाक्यात लिहिला जाईल ते वाक्य भाषेतून येईल आणि भाषा घडवण्याचे काम साहित्याचे आहे. बालकवींचे संबोधन, बहिणाबाईंची मोट, पाटलांची उलटतपासणी, नेमाड्यांचे उत्खनन आणि पांझराकाठचा फड यांतून ते वाक्य जुळवण्याची सामग्री मराठीजवळ आहे. पिंप्राळ्यापलीकडच्या गिरणेविषयी 'पाणी सोडले' असे न म्हणता 'नदी आली' असे पुन्हा म्हणता येईल का, आणि ते म्हणताना कालव्यावरच्या शेतकऱ्याकडे पाठ फिरवावी लागणार नाही ना, या दोन कसोट्यांवर यापुढील मराठी नदीसाहित्याची परीक्षा व्हावी.