ढवळून फरक पडला नाही, म्हणजे नेमकं काय?

गेटची तयारी करताना सूत्रं पाठ होतात. कुठलं सूत्र कुठे लावायचं, हे मात्र राहून जातं. म्हणून आज दोराईस्वामी आणि एम. एम. शर्मा यांच्या ‘हेटेरोजीनियस रिॲक्शन्स’विषयी. १९८४ सालचे हे दोन खंड. दोराईस्वामी तेव्हा पुण्याच्या एनसीएलचे संचालक होते, शर्मा माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे प्राध्यापक होते. दुसरा खंड मी बराचसा वाशिंद-दादर लोकलमध्ये वाचला.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी स्टर्ड सेलमध्ये ढवळण्याचा वेग वाढवून पाहिला. वायू शोषला जाण्याचा दर बदलला नाही. वहीत लिहिलं, ‘मास ट्रान्सफरचा अडथळा नाही.’ साफ चूक! अगदी संथ अभिक्रियेत असं होतं हे खरं. पण अभिक्रिया इतकी वेगवान असेल की वायू पृष्ठभागालगतच्या पातळ थरातच संपतो, तरीही असंच दिसू शकतं. मग ओळखायचं कसं? पृष्ठभाग तोच ठेवून द्रव वाढवा. एकूण दर त्या प्रमाणात वाढला, तर अभिक्रिया संथ. तसाच राहिला आणि पृष्ठभाग वाढवल्यावरच वाढला, तर वेगवान.

आधी परिस्थिती ओळखा, मग सूत्र लावा, ही सवय लावणं हेच या ग्रंथाचं बळ. उणीव म्हणाल तर मजकूर फार दाट आहे, नवख्याचा दम निघतो. त्यामुळे आधी लेव्हनस्पील वाचा, मग हे हातात घ्या. आणि तुमची जुनी वही शेजारी उघडी ठेवा.