ऐकणाऱ्याची तार

'ऐ वतन मेरे वतन' मार्च २०२४ मध्ये प्राइमवर आला, तेव्हा सारा अली खानच्या अभिनयावर सगळ्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यात भर घालायची मला हौस नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा सिनेमा रेडिओवर आहे, पण रेडिओ ऐकण्यावर त्याचा विश्वास नाही.

गोष्ट खरी आहे. 'छोडो भारत'च्या १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टमध्ये सुरू झाला, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली. कण्णन अय्यर यांनी याचा थ्रिलर केलाय आणि थ्रिलर म्हणून तो बरा चालतो. ट्रान्समीटर हलवणं, जागा बदलणं, दिशा शोधत फिरणारी पोलिसांची गाडी. शिवाय 'लापता लेडीज'मधला आपला दीपक, म्हणजे स्पर्श श्रीवास्तव, इथे फहाद झालाय आणि नायिकेपेक्षा जास्त लक्षात राहतो.

खरा काँग्रेस रेडिओ आपली जागा सांगत नसे, पण लांबी सांगायचा: ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागलं की सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज तिथे हॅम रेडिओवाल्यांचा चाळीस मीटर बँड आहे. माहूरला घरी आलो की मी रात्री तिथेच कान लावून बसतो. त्यासाठी परसात जी तार ओढली आहे, तिने मला या सिनेमाचा समीक्षक केलं.

तारेचं गणित सोपं आहे. लहरीच्या निम्मी लांबी म्हणजे साधारण वीस मीटर, मधोमध तोडून दोन दहा-दहाचे हात, आणि मधल्या सांध्यातून केबल खाली रेडिओकडे. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते. एक टोक कडुनिंबाला, दुसरं पाण्याच्या टाकीच्या पाइपाला, मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे, म्हणजे तार झाडाला थेट टेकत नाही. माझी तार उत्तर-दक्षिण आहे, कारण मुंबई इथून जवळजवळ सरळ पश्चिमेला, हवाई अंतराने सुमारे ५३५ किलोमीटर, आणि अशी तार आपल्या आडव्या अंगाला जास्त ऐकते. उंची जेमतेम सहा मीटर. उंच टॉवर नाही याचं वाईट वाटायचं कारण नाही. एवढ्या अंतरावरचा आवाज क्षितिजावरून येत नाही, तो अडीच-तीनशे किलोमीटर वरच्या आयनांच्या थरावर आपटून डोक्यावरून उतरतो. बुटकी तार वरच बघत असते.

तरी रोज जमतंच असं नाही. रात्र चढली आणि वरचा थर विरळ झाला की एक गंमत होते: जवळचं केंद्र गायब होतं आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचं कानाशी येतं. मध्ये जो पट्टा राहतो, त्याच्यावरून लहर उडी मारून जाते. त्यात एलईडी बल्ब, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची सततची घरघर. गावातली लाइट गेली की मी खूश होतो. रेडिओ सेलवर चालतो आणि अंधारात अचानक माणसं बोलू लागतात. शेजारच्या काकू विचारतात, "मोबाइलवर सगळं मिळतं की रे बाबा?" मिळतं, काकू.

आता सिनेमाकडे. उषा बोलते, कट, रेडिओभोवती जमलेले भारावलेले चेहरे. खरखर असते, पण फोडणीपुरती. ऐकणारे गर्दी म्हणून येतात, गर्दी म्हणूनच जातात. पोलिसांचा पाठलाग मात्र तपशिलात. गंमत अशी की शहरात फिरणारी गाडी जी लहर पकडते ती जमिनीलगत सरपटणारी, आणि लांबचा श्रोता ऐकतो ती आकाशातून उतरणारी. सिनेमाने फक्त जमिनीवरची लहर दाखवली.

यात नुकसान श्रोत्याचं नाही, उषा मेहतांचं आहे. आमच्या नेटवर्किंगच्या भाषेत काँग्रेस रेडिओ म्हणजे यूडीपी: पॅकेट सोडलं, पोहोचल्याची पावती नाही. बंद खोलीत माइकसमोर बसायचं, पकडलं गेलो तर वर्षानुवर्षं तुरुंग (त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली), आणि पलीकडे कोणी ऐकतंय का, हे त्या क्षणी कळायची सोय नाही. धाडस ते आहे. सिनेमा प्रत्येक वाक्याला लगेच पावती देतो आणि ते धाडस स्वस्त करतो. एखाद्या घरात रात्रभर बटण फिरवूनही काहीच लागत नाही, असे तीस सेकंद दाखवले असते तर पुढचं प्रत्येक भाषण जड झालं असतं.

ऐकणंही फुकट नव्हतं. १९३३च्या कायद्याने रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं. छतावरची तार शेजाऱ्याला दिसायची, फौजदारालाही दिसायची. तार असणं गुन्हा नव्हता, रात्री ती काय ऐकते हा प्रश्न होता. आमचा मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती रेडिओवरूनच सांगितली, आणि आमच्याकडेही ती गोष्ट बोलणाऱ्याचीच म्हणून सांगतात. कोणाच्या ओसरीवर, कोणत्या तारेवर ती ऐकली गेली, हे भाषणांत येत नाही.

उषा ठक्कर यांचं काँग्रेस रेडिओवरचं इंग्रजी पुस्तक २०२१ मध्ये आलं. त्यात ती प्रसारणं वाचायला मिळतात, कारण सरकारी माणसांनी ती ऐकून उतरवून घेतली होती. म्हणजे या रेडिओचा सगळ्यात चिकाटीचा श्रोता, ज्याचा पुरावा उरला, तो पोलीस खातं. बाकीच्यांना असा कागद घरात ठेवणं परवडणारं नव्हतं. त्या श्रोत्यांची कल्पना करायची पूर्ण मोकळीक पटकथाकारांकडे होती. त्यांनी ती उषाच्या प्रेमप्रकरणावर खर्च केली.