तक्त्यातला आकडा आणि पिलाचे पोट

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने डुकरांच्या पोषणगरजांवरील आपल्या ग्रंथाची अकरावी आवृत्ती २०१२ साली काढली. पशुआहाराच्या क्षेत्रात हा ग्रंथ प्रमाण मानतात. त्यातला एकच आकडा आपण तपासू. ५ ते ७ किलो वजनाच्या पिलाच्या खाद्यात ०.८५ टक्के, म्हणजे किलोमागे ८.५ ग्रॅम कॅल्शियम असावे, असे तो सांगतो.

आकड्याबद्दल तक्रार नाही. हाडे भराभर वाढण्याचे ते वय असते. पण हे कॅल्शियम कोणत्या पदार्थातून द्यायचे, हे त्या आकड्यात दिसत नाही. पिलाच्या पोटाला मात्र त्यानेच फरक पडतो.

मोठ्या डुक्करपालनात पिले तीन-चार आठवड्यांची होताच त्यांचे दूध तोडतात. त्या वयात जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेसे पाझरत नाही. दूध चालू असते तोवर दुधातील शर्करेपासून लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि उणीव भरून निघते. दूध तुटल्यावर हा आधार कमी होतो. जठरातील सामू वाढतो, पेप्सिनचे काम मंदावते, अर्धवट पचलेली प्रथिने आतड्यात उतरतात. ई. कोलायच्या रोगकारक जातींना तेथे आयतेच फावते आणि पिलाला हगवण लागते.

अशा जठरात स्वस्त म्हणून चुनखडीची भुकटी पडते. तिचा हिशेब दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येईल. ५ ग्रॅम कॅल्शियमसाठी १२.५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागते. त्याचा एक रेणू आम्लाचे दोन रेणू संपवतो. म्हणजे एवढी भुकटी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचे अडीच लिटर उदासीन करू शकते! तेवढेच कॅल्शियम कॅल्शियम फॉर्मेटमधून दिले, तर जठराच्या सामूला त्याहून बरेच कमी आम्ल खर्ची पडते.

ग्रंथातील विसंगती येथे खटकते. फॉस्फरसची गरज त्यात एकूण आणि पचनीय अशी वेगवेगळी दिली आहे. कॅल्शियमची फक्त एकूण. त्या वेळी पचनीय कॅल्शियमची मोजमापे थोडी होती, हे मान्य. परंतु पुढे इलिनॉय विद्यापीठातील प्रयोगांत मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधले कॅल्शियम कार्बोनेटमधल्यापेक्षा अधिक पचते, असे आढळले. शिवाय जादा कॅल्शियम धान्यातील फायटेटशी संयोग पावते आणि फॉस्फरसही वाया जातो.

हा वाद केवळ तक्त्यापुरता नाही. दूध तुटल्यानंतरची हगवण रोखण्यासाठी युरोपात खाद्यात झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रा देत असत. ते जस्त शेणखतातून जमिनीत साचते आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंना वाव मिळतो, म्हणून युरोपीय संघाने जून २०२२ पासून हा औषधी वापर थांबवला. गंमत अशी, की झिंक ऑक्साइडही भरपूर आम्ल शोषते. आता भिस्त आहे ती मुख्यतः खाद्याच्या घडणीवर. दूध तुटल्यावर थोडे दिवस चुनखडी कमी करणे हा एक उपाय. मात्र तो लांबवला तर हाडे कमजोर होतील.

आपल्या पाठ्यपुस्तकांतील आहारतक्तेही नाचणीतले आणि दुधातले कॅल्शियम एकाच स्तंभात मांडतात. नाचणीत फायटेट असते, दुधात नसते. किती, याच्या शेजारी 'कोणत्या रूपात' हा स्तंभ नसेल, तर शिक्षकांनी तो फळ्यावर आखावा.