निनावी सुरांची कैफियत

आमच्या लहानपणी घरात एक कॅसेट होती. थोरल्या बंधूंनी ती एका मित्राच्या तबकड्यांवरून उतरवून घेतली होती. आतल्या कागदावर त्यांनी सुबक अक्षरांत यादी केली होती. गाण्यांच्या जागी त्या त्या गाण्याचा मुखडा लिहिलेला होता. मात्र जिथे गाणे नव्हते, नुसते वादन होते, तिथे ‘गिटार १’, ‘गिटार २’ आणि ‘सॅक्सोफोन’ एवढीच नोंद होती. ‘गिटार २’ म्हणजे ‘द शॅडोज’ या इंग्रज वाद्यवृंदाची १९६० सालची ‘अपॅची’ ही रचना, हे आम्हांस कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. त्या काळच्या रॉक अँड रोल वाद्यरचना आता नभोवाणीवर क्वचितच ऐकू येतात, अशी हळहळ जुने रसिक व्यक्त करतात, तेव्हा आम्हांस हटकून तो कागद आठवतो. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याची फर्माईश तरी कशी करावी?

हळहळ म्हणजे समीक्षा नव्हे. तारुण्यात कानी पडलेले सारेच पुढे गोड वाटू लागते. म्हणून दोन प्रश्न स्वच्छपणे विचारले पाहिजेत. या रचनांत आठवणींपलीकडे काही आहे काय? आणि असेल, तर नभोवाणीने त्यांस का टाकले?

प्रथम एक गैरसमज दूर करू. शास्त्रीय वादन वगळले, तर आपल्या कानांना परिचित असलेले वाद्यसंगीत बहुतांशी चित्रपटगीतांचे आहे. व्हॅन शिप्ले यांची विजेवरची गिटार असो की पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचा अ‍ॅकॉर्डियन असो, ते वादन ऐकताना श्रोता मनातल्या मनात गाण्याचे शब्द म्हणत असतो. तेथे शब्द नसतात असे नाही. ते फक्त मौन पाळून असतात. १९५६ ते १९६३ या काळात अमेरिकेत व इंग्लंडात गाजलेल्या वाद्यरचनांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील उत्तम रचनांमागे कोणतेही गाणे दडलेले नाही. जे सांगायचे ते वाद्याच्या नादातूनच सांगायचे, अशी त्यांची प्रतिज्ञा आहे.

या प्रतिज्ञेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लिंक रे यांची १९५८ सालची ‘रंबल’. सैन्यातील नोकरीनंतर क्षयाने रे यांचे एक फुप्फुस गेले होते. गाणे त्यांना जवळजवळ वर्ज्यच झाले होते. त्यांनी ध्वनिवर्धकाच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली आणि त्या फाटक्या, घोगऱ्या नादात मोजकेच स्वरसमूह अत्यंत संथपणे वाजवले. ‘रंबल’ हा टोळ्यांच्या रस्त्यावरील मारामारीसाठी रूढ असलेला शब्द. एवढ्या नावावरून आणि त्या दमदार नादावरून अमेरिकेतील काही नभोवाणी केंद्रांनी ही रचना वाजवण्यास मनाई केली. एकही शब्द नसलेल्या संगीतावर बंदी यावी, याहून त्याच्या अर्थवत्तेचा मोठा दाखला कोणता? गळा गमावलेल्या माणसाने आपला आवाज दुसरीकडे शोधला, आणि तो इतका स्पष्ट होता की ऐकणारे बिचकले.

ड्युएन एडी यांच्या ‘रेबेल राउझर’मध्ये (१९५८) हाच शोध निराळ्या वाटेने जातो. सूर चढवत नेण्याऐवजी त्यांनी गिटारच्या खालच्या, जाड तारांवर धून वाजवली. निर्माते ली हेझलवूड यांनी अ‍ॅरिझोनातील फिनिक्स येथे पाण्याची एक मोठी रिकामी टाकी प्रतिध्वनीसाठी वापरली. टाकीत एका बाजूला ध्वनिक्षेपक व दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन. धून अगदी साधी, परंतु तिच्याभोवती पसरणारा अवकाश विलक्षण. सँटो आणि जॉनी या ब्रुकलिनच्या बंधूंची ‘स्लीप वॉक’ सप्टेंबर १९५९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तिच्यातील स्टील गिटार आपल्या हवाईयन गिटारची सख्खी बहीण. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधल्या अंतरात जी व्याकुळता दाटते, ती मींडेवर वाढलेल्या कानास समजावून सांगावी लागत नाही.

लंडनमध्ये जो मीक यांनी चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील आपल्या बिऱ्हाडात ध्वनिमुद्रणाची खोली थाटली होती. १० जुलै १९६२ रोजी ‘टेलस्टार’ हा संदेशवहन उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच वर्षी ‘द टॉर्नेडोज’कडून मीक यांनी त्याच नावाची रचना मुद्रित करून घेतली. डिसेंबरात ती अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेली. तोवर कोणत्याही इंग्रज वाद्यवृंदाला ते साधले नव्हते. तिच्यातील आशावाद आज भाबडा वाटेल. तरीही अवकाशाकडे निर्व्याज कुतूहलाने पाहणारी ती दृष्टी त्या काळाचा अस्सल दस्तऐवज आहे. मीक यांना मात्र तिचे मानधन जिवंतपणी मिळाले नाही. एका फ्रेंच संगीतकाराने स्वामित्वाचा दावा लावल्याने ते अडकून पडले. निकाल मीक यांच्या बाजूने लागला, तेव्हा ते हयात नव्हते.

आता दुसरा प्रश्न. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘द चॅम्प्स’ची ‘टकीला’ (१९५८), बुकर टी. अँड द एम.जी.ज यांची ‘ग्रीन अनियन्स’ (१९६२) आणि ‘द सर्फेरिस’ची ‘वाइप आउट’ (१९६३) या तिन्ही रचना तबकडीच्या मागल्या बाजूसाठी योजलेल्या होत्या. ‘ग्रीन अनियन्स’ तर मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत उरलेल्या वेळात जमून आली. ऑर्गनवर बसलेले बुकर टी. जोन्स तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वादकांनी एकत्र बसणे त्या शहराच्या रीतीत बसत नव्हते, त्या काळी ही मंडळी एका खोलीत बसून वाजवत होती. कंपन्यांनी दुय्यम मानलेल्या अशा बाजू निवेदकांनी तबकडी उलटून ऐकवल्या, म्हणून लोकांना कळल्या. सिअ‍ॅटलच्या के.जे.आर. केंद्राने ‘द व्हेंचर्स’ची ‘वॉक, डोंट रन’ (१९६०) बातम्यांच्या वेळी जोडधून म्हणून वापरली. लोकांनी विचारणा केली आणि ती देशात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

म्हणजे ही रचनापरंपरा निवेदकाच्या स्वातंत्र्यातून वाढली. १९५९-६० मध्ये तबकड्या वाजवण्यासाठी लाच घेण्याच्या प्रकारांची अमेरिकन काँग्रेसपुढे चौकशी झाली. ती आवश्यकच होती. परंतु तिच्यानंतर निवड निवेदकाच्या हातून निसटून व्यवस्थापकाच्या ठरावीक यादीत गेली आणि तबकडी उलटून पाहण्याचे कुतूहलही त्याबरोबर मावळले. १९६४ मध्ये ‘द बीटल्स’ अमेरिकेत गेले. गाणारा चेहरा आणि स्वतः लिहिलेले शब्द हेच रॉकचे प्रमाण ठरले. शब्द नसलेली रचना जागा भरण्याच्या कामी आली. बातम्यांपूर्वी अर्धे मिनिट वाजवायची, काटा बारावर आला की तोडायची. नाव सांगायचे नाही.

यात अन्यायाचा आणखी एक पदर आहे. अमेरिकेतील नभोवाणी केंद्रे गीतकार-संगीतकारास मानधन देत आली. ध्वनिमुद्रिकेत प्रत्यक्ष वाजवणाऱ्यास नाही. ‘वॉक, डोंट रन’ ही मूळ जॅझ वादक जॉनी स्मिथ यांची रचना. ती नभोवाणीवर वाजली की हक्क स्मिथ यांचा. तिला नवे रूप देणाऱ्या व्हेंचर्सचा वादक म्हणून काही नाही. ज्या कलेत वाजवणे हीच निर्मिती, तिथे हा नियम किती बोचरा!

कोणी म्हणेल, हे संगीत हरवले कुठे? डिक डेल यांची ‘मिसिरलू’ १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटामुळे घरोघरी गेली. ‘अपॅची’चे ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ने १९७३ मध्ये केलेले रूप न्यूयॉर्कच्या हिप-हॉपचा एक पाया ठरले. लिंक रे २००५ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हे सारे खरे आहे, आणि त्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु चित्रपटात ती धून दृश्याची चाकरी करते. सुरांसाठीच सूर ऐकण्याचा प्रसंग त्यातून घडत नाही, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.

या साऱ्या रचना सारख्याच मोलाच्या आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. एक चमकदार नाद सापडला की त्याच्या डझनभर नकला काढणाऱ्या कंपन्या तेव्हाही होत्या. ‘वाइप आउट’मध्ये ढोलांच्या धडाक्यापलीकडे फारसे काही उरत नाही, असे आमचे प्रांजळ मत आहे. ‘टकीला’ची गंमत तिसऱ्यांदा ऐकताना थोडी ओसरते. याउलट ‘रंबल’ आणि ‘स्लीप वॉक’ दर वेळी नव्याने भिडतात. एक धमकावते, दुसरी हुरहूर लावते. आणि दोहोंना त्यासाठी तीन मिनिटेही लागत नाहीत. स्मरणरंजनाचा दोष हाच की ते हा भेद करू देत नाही. सगळ्यांवर एकच हळवी साय पसरते आणि खालचे दूध नासके की ताजे, हे कळत नाही.

ड्युएन एडी एप्रिल २०२४ मध्ये वारले, त्या सुमारास आम्ही बंधूंकडे गेलो होतो. कॅसेट आता चालत नाही. फीत चिकटून गेली आहे. कागद मात्र शाबूत होता. ‘गिटार १’ म्हणजे ‘रेबेल राउझर’ होती, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा चढवला, पेन मागितले आणि त्या जुन्या नोंदीपुढे नाव लिहिले, वादकासकट. मग ‘गिटार २’पुढेही लिहिले. ‘सॅक्सोफोन’ कोणाचा, हे दोघांनाही अजून आठवत नाही.